पंच्याऐंशी टक्के

१२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. कॅरॅव्हॅन मी ओढणार!

जेवताना बोलून गेले आणि नेव्हिल काटा हातात तसाच धरून बघत राहिला. "तू?" — एवढंच म्हणाला. बत्तीस वर्षं हे चाकांवरचं घर त्याने गाडीमागे ओढलं. मी शेजारी बसून नकाशा धरला आणि त्याला पेपरमिंट सोलून दिली. नोव्हेंबरात रोपवाटिकेत त्याला फिट आली, लायसन्स सरकारला परत पाठवावं लागलं, आणि आठवड्याच्या आत या गृहस्थाने रागारागात आमची मोठी गाडी विकून टाकली. "दारात ठेवून काय करू? पूजा?" आता कॅरॅव्हॅन अंगणात उभी आणि ओढायला काय, तर माझी लाल डबी. तिच्याने हातगाडीसुद्धा ओढवणार नाही.

मेअखेरीस बाम्बरो, समुद्रकाठचा कॅरॅव्हॅनतळ. किल्ला समोर दिसतो ती तीन नंबरची जागा. दर वर्षी जातो, याही वर्षी जाणार.

१५ फेब्रुवारी

जुनी इस्टेट गाडी बघायची. लांबट, मागे टॅन्सीला नीट पसरता येईल अशी. कुत्री म्हातारी झालीय, तिला उडी मारवत नाही, म्हणून मागचा काठ खाली हवा.

नेव्हिलचं पुराण सुरू — "गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून जड काही मागे बांधायचं नाही, ॲव्हरिल." कॅरॅव्हॅनवाल्यांचं बायबल! मग मी कागद घेतला. आमची कॅरॅव्हॅन सामानासकट साडेबाराशे किलो. म्हणजे गाडी कमीत कमी चौदाशे एकाहत्तर. झालं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. माणसं थापा मारतात, आकडे मारत नाहीत.

२१ फेब्रुवारी

तीन गाड्या पाहिल्या. तिन्ही भंगार. एकीला ओल्या कुत्र्याचा वास, आणि टॅन्सी घरी होती!

४ मार्च, शनिवार

सापडली!! निळी. लाउथमधल्या एका पियानो जुळवणाऱ्याची. दार लावलं की मऊ आवाज येतो. नऊ वर्षांची आहे पण सीटवर डाग नाही, मागे हुक आधीच बसवलेला. वजन चौदाशे नव्वद. मी मनातल्या मनात तिच्यात बसून बाम्बरोला पोचलेसुद्धा.

नेव्हिलने तिच्याभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली. "हिला शेपटी हलवेल."

"कोणाची शेपटी?"

"कॅरॅव्हॅन. वारा आला, लॉरी बाजूने गेली, की कॅरॅव्हॅन या पोरीला घेऊन नाचेल."

"एकोणीस किलोने वर आहे! तुझ्याच नियमात बसते!"

"काठावर पास म्हणजे पास नव्हे. तूच सांगायचीस पोरांना."

पियानोवाला बिचारा बुटांकडे बघत होता. बत्तीस वर्षं कॅरॅव्हॅन ओढताना माझ्या हातात चाक नव्हतं म्हणून मला अक्कल नाही असं याला वाटतं. आग झाली नुसती जिवाची.

९ मार्च

कशात लक्ष लागत नाही. पियानोवाल्याचा फोन — "मॅडम, आणखी एकजण येऊन गेलाय बघायला, शनिवारनंतर मी थांबणार नाही."

सोमवारी शेजारचा विल्फ नेव्हिलला तपासण्यांचे निकाल ऐकायला इस्पितळात घेऊन गेला होता. मी येते म्हटलं तर, "तू कशाला? तिथे नुसतं बसायचं असतं." काय म्हणाले विचारलं. "चहा वाईट आहे म्हणाले." नाकी नऊ आणतो हा माणूस! खोदून विचारलं तेव्हा, "बघू म्हणाले."

तेव्हापासून मात्र भांडण नाही. उलट मंगळवारी स्वतःहून म्हणाला, "घे तुझी निळी. पण आधी कॅरॅव्हॅन काट्यावर चढव. कागदावर विश्वास ठेवू नकोस." याला नाही कसं म्हणणार? विल्फ शनिवारी त्याच्या जीपने धान्यवाल्याच्या वजनकाट्यावर ओढून नेणार आहे.

दोन दिवस नेव्हिल कॅरॅव्हॅनमध्ये ये-जा करतोय. साफसफाई म्हणे. धापा टाकतो, मध्येच पायरीवर बसतो. काचघराच्या मागची फरशांची चळत गेलेली दिसली. सहा वर्षं पडून होती, अंगणात बसवणार होता. "विल्फला दिल्या," म्हणाला. सुटलो एकदाचे.

११ मार्च, शनिवार

चौदाशे वीस!

साडेबाराशे नाही. चौदाशे वीस. काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "काय हो बाई, आत चर्चची घंटा भरलीय का?" विल्फ हसला. नेव्हिल आभाळाकडे बघत होता. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा परत चढवायला लावलं. चौदाशे वीसच. इतक्या वर्षांत सामान साठत जातं, नेव्हिल म्हणाला. कपबशा, कांबळी, दर वर्षी आणखी एक किटली.

म्हणजे गाडी सोळाशे एकाहत्तर किलोची हवी. आकड्यापुढे माझं काय चालणार? पियानोवाल्याला फोन करून नाही सांगितलं आणि भांडी घासताना रडले. एका गाडीसाठी! बासष्ट वर्षांची बाई!

२५ मार्च

घेतली. करडी. सतराशे वीस किलो, डिझेल, दहा वर्षं जुनी, चेहऱ्याने पोस्टमास्तर. पदरी पडलं पवित्र झालं. नेव्हिलने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "हं." त्याच्या तोंडून हे म्हणजे कौतुकसोहळा.

२ एप्रिल, रविवार

गुरांच्या बाजाराचं मैदान रिकामं होतं, तिथे सराव. पुढे नेणं सोपं. मागे घेणं म्हणजे शिक्षा — चाक उजवीकडे फिरवा, कॅरॅव्हॅन डावीकडे जाते. नेव्हिल हातवारे करतोय, "उजवीकडे! तुझ्या नव्हे, तिच्या उजवीकडे!" दोनदा मेंढ्यांच्या कठड्याला घासता घासता वाचले.

मग म्हणाला, "आता जोडण्यापासून सगळं तू एकटीने कर. मी आलेलोच नाही असं समज." आणि खुशाल भिंतीवर जाऊन बसला, कुत्रीला घेऊन! इतका राग आला. पुढचं छोटं चाक वर घे, साखळी अडकव, दिव्यांची तार लाव, मागे जाऊन दिवे बघ, परत ये. चार वेळा करायला लावलं. चौथ्या वेळी एकही चूक नाही. मागेही घेतली, सरळ रेषेत! खाली उतरून बघते तर याचे डोळे ओले. वारा आहे, म्हणाला.

११ एप्रिल

फरशा!!

बाम्बरोसाठी कांबळी काढायला पलंगाखालचं कपाट उघडलं. दहा फरशा. जुन्या घोंगडीत गुंडाळून, अगदी चाकांच्या वर, तळाशी, दोन्ही बाजूंना सारख्या. जड सामान खाली आणि चाकांवर, त्याचाच नियम. एक न्हाणीघरातल्या काट्यावर ठेवली. सतरा किलो. सतरा दाहे एकशे सत्तर.

स्वयंपाकघरात गेले. तो टोस्टवर मार्मलेड लावत होता. फरशी टेबलावर ठेवली.

"अच्छा," म्हणाला. "सापडल्या."

"मला मूर्ख बनवलंस!"

"निळी घेतली असतीस."

"घेतली असती! माझी गाडी, माझी मर्जी!"

मग त्याने सांगितलं. सहा वर्षांपूर्वी, डरहॅमच्या अलीकडचा उतार. आमची तेव्हाची गाडी हलकी होती. बाजूने लॉरी गेली आणि कॅरॅव्हॅन डुलायला लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. "मला वाटलं, संपलं. तू झोपली होतीस. तोंड उघडं टाकून."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू परत झोपली नसतीस गाडीत. आणि आत्ता सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? माझं तू कधी ऐकलंयस, ॲव्हरिल? तू आकड्यांचं ऐकतेस."

खरं आहे ते. मला हसूच फुटलं. मग पुन्हा चिडले, तसल्या धापा टाकत दहा फरशा उचलल्या म्हणून. म्हणे एका वेळी एकच नेली, मध्ये बसलो.

२० एप्रिल

फरशा काचघरामागे परत. आज कॅरॅव्हॅन बांधून टेकड्यांवरून मोठी चक्कर. वारा सोसाट्याचा, उतारावर साखरकारखान्याची लॉरी खेटून गेली. मी चाक दोन्ही हातांनी धरलं. पोस्टमास्तर हलला नाही. कॅरॅव्हॅनही नाही. "तुझं बरोबर होतं," म्हटलं मी. मोठ्याने. लग्नानंतर दुसऱ्यांदा असेल.

"हं," म्हणाला, आणि मला पेपरमिंट सोलून दिली.

२४ एप्रिल, सोमवार

साइटला फोन केला, मेची जागा पक्की ना म्हणून. बुकिंग नेहमी नेव्हिल करतो. मुलगी म्हणाली, "हो, तीन नंबर, दोन माणसं, एक कुत्रं. आणि पुढच्या वर्षीच्या मेचंही आहे, सहा मार्चला दोन्ही एकदम केली होती. तीच जागा. एक माणूस, एक कुत्रं."

सहा मार्च. तो इस्पितळाचा सोमवार.

नाव कोणाचं आहे, विचारलं. तिने वाचून दाखवलं. मिसेस ॲव्हरिल स्केल्टन.