पलंगाची तिसरी फळी

३ फेब्रुवारी
आजपासून नवी वही. नियम एकच : या वहीत 'थकवा' हा शब्द येणार नाही. सहा महिने घरी बसून तो ऐकून ऐकून कान किटले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, हा जुनाट आजार आहे, झोपेत हातपाय उडतात तेही त्यातलंच, तेव्हा अंगात जेवढं बळ वाटेल त्याच्या निम्मंच वापरा. मी म्हटलं, बरं. डॉक्टरांशी वाद घालू नये.

मनात मात्र पक्कं आहे. पुढच्या महिन्यात कामावर हजर. आमच्या दातांच्या लॅबमध्ये माझ्यासारखी कवळी दुसऱ्या कोणी बनवून दाखवावी. मेणात दात असे बसवतो, की म्हातारा माणूस आरशात बघून लाजतो.

संकल्प : सकाळी फिरणं. दुपारी वाचन. रात्री शांत झोप.

४ फेब्रुवारी
फिरायला गेलो. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. तिथे बसून लोकांचं निरीक्षण केलं. बराच वेळ केलं. शेवटी लेक शाळेतून येताना दिसली, तिच्याबरोबर परत आलो. तिच्या एका खांद्यावर फुटबॉलची बॅग, दुसऱ्यावर मी.

५ फेब्रुवारी
दिवसभर आडवा. विचार करत होतो.

६ फेब्रुवारी, सकाळ
बायको उठली ती नडगी चोळतच. म्हणे, रात्री तीनदा लाथा घातल्यास. अशक्य! मी रात्रभर टक्क जागा होतो. जागा माणूस कशाला लाथा घालेल? त्यावर तिने विचारलं, मग घोरत कोण होतं. बायकांशी शास्त्रीय चर्चा होत नाही.

माझ्या मते दोष पलंगाचा आहे. तिसरी फळी सैल झालीय. ती उसळते आणि वर ज्याचा पाय असेल तो उडतो. साधी गोष्ट आहे.

काल संध्याकाळी चहा पिताना उजवा हात जरा उडाला. चहा भेटायला आलेल्या मेहुण्याच्या शर्टावर. तो बोलतोच असं काहीतरी, की माणूस दचकावा.

९ फेब्रुवारी
बायको उशी घेऊन लेकीच्या खोलीत गेली. बायको पहिलीच्या वर्गाला शिकवते. काल मुलांना पाढे म्हणायला लावून ही खुर्चीतच झोपली. मुलं कधी नव्हे ती शहाण्यासारखी गप्प बसली, म्हणून मुख्याध्यापिकेला संशय आला आणि ती बघायला आली. बोलणी बसली. घरी येऊन हे सांगितलं, मला बोल लावला नाही. नुसती उशी उचलली.

ठीक आहे. पलंग ऐसपैस झाला. आडवंतिडवं कसंही लोळा.

१० फेब्रुवारी
ऐसपैस पलंगात काही मजा नाही. रात्रभर चादरीचा तो अर्धा भाग सपाटच्या सपाट. सहवासाची सवय वाईट.

नवा संकल्प, आणि हा शेवटचा : ही परत माझ्या शेजारी आली आणि आठवडाभर एकही तक्रार झाली नाही, की मी बरा. त्याच दिवशी लॅबच्या मालकांना फोन. हे तिला सांगायचं नाही. अनपेक्षित आनंद द्यायचा.

११ फेब्रुवारी
सुतार बोलावला. त्याने फळ्या ठोकून पाहिल्या, खाली वाकून पाहिलं, म्हणाला पलंग ठणठणीत आहे. मी म्हटलं, वर झोपून बघा. तो झोपला. पाचच मिनिटं म्हणून झोपला आणि तासाभराने मीच त्याला हलवून उठवला. म्हणाला, असा पलंग आपल्या घरी असता तर आपण कामावरच आलो नसतो. जाताना माझी समजूत म्हणून तिसऱ्या फळीला चार खिळे मारून गेला. मला समजूत नको होती. दुरुस्ती हवी होती. पण खिळे ते खिळे.

त्याची झोप बघून हेवा वाटला. मी नऊ-नऊ तास झोपतो आणि उठतो ते ओझी वाहून आल्यासारखा. सुताराची कला असेल.

१४ फेब्रुवारी
आज प्रात्यक्षिक. माळ्यावरून कामाची पेटी काढली. जेवणाच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेण, सुरी, दात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या निम्मं करा, म्हणजे फक्त वरची कवळी. खालची नाही. सांगितलेलं मी पाळतो.

तेरा दात सुरेख बसले. हात देवाचा! चौदावा बसवताना खांद्यापासून एक हिसका आला आणि कवळी टेबलावरून उडाली. दात सगळ्या स्वयंपाकघरात. टेबलाचा एक पाय आखूड आहे, तो सुताराला दाखवायला हवा.

१५ फेब्रुवारी
पडून. विचार.

१६ फेब्रुवारी
पडून. साखरेच्या डब्यात सुळा सापडला. बायकोला सापडला. तिने तो धुऊन माझ्या उशाशी आणून ठेवला आणि कपाळाला हात लावून ताप बघितला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी
आली! उशीसकट परत आली. लेक रात्रभर झोपेत गोल-गोल ओरडते म्हणे. आपल्याला काय, कारण कुठलं का असेना. जाड पायजमा घालून झोपली. थंडी वाजते म्हणाली. मला तर उकडत होतं.

१८ फेब्रुवारी
एक शब्द तक्रार नाही. मी खोदून विचारलं, तर म्हणाली छान झोप लागली. खिळे! चार खिळ्यांचा खेळ होता सगळा, आणि डॉक्टरीणबाई रक्त तपासत बसल्या.

२१ फेब्रुवारी
अजूनही तक्रार नाही. माझ्या उजव्या पायाचा अंगठा मात्र सुजलाय. दिवसा कुठेतरी आपटला असणार. ही सकाळी उठली की थेट न्हाणीघरात जाते आणि आतून चर्र, चर्र असा आवाज येतो. नवीन काहीतरी सौंदर्यप्रसाधन असेल. नवरा बरा होतोय म्हटल्यावर बाईमाणूस खुलणारच.

२४ फेब्रुवारी
आठवडा पूर्ण! मालकांना फोन केला. सोमवारी येतो म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना. आनंदाने असेल. मग म्हणाले, खुर्ची पुसून ठेवतो. घरी सांगितलं नाही. रविवारी सांगणार.

२६ फेब्रुवारी, सकाळ
लेकीची मॅच. परीक्षेमुळे बंद असलेला खेळ आज सुरू, आणि तिची नडगीवर बांधायची पॅडं गायब. घर डोक्यावर घेतलं. मी तिला खुर्चीत बसवून व्यवस्थितपणावर चार शब्द सुनावले. लॅबमध्ये प्रत्येक दात त्याच्या कप्प्यात असतो म्हणून कवळी बनते, वगैरे. रंगात आलो होतो.

तेवढ्यात बायको खोलीतून आली. समोर बसली, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि पट्टे सोडले. चर्र. चर्र. उजवं पॅड मधोमध तडकलेलं. लेकीने ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, बाबा, तुमच्यासारखी किक आमच्या टीममध्ये कुणाची नाही. तडकलेलं पॅड बांधूनच ती पळाली.

मी विचारलं, असं होतं तर परत का आलीस. तर म्हणाली, तिकडे लाथ बसत नाही, पण झोपही लागत नाही. भिंतीला कान लावून पडून असते. पलंग करकरला की कळतं तू आहेस, नाही करकरला की उठून बघायला येते. त्यापेक्षा लाथ परवडली.

एवढं बोलून डबा घेऊन शाळेत गेली. मी टेबलापाशी बसून राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं, पुसलं, परत आलं.

२७ फेब्रुवारी
मालकांना फोन केला. सोमवारी येत नाही म्हटलं. पलंगाचं, टेबलाचं काही सांगितलं नाही, आजाराचं सांगितलं. म्हणाले, बघू. खुर्चीचं विचारायचं धाडस झालं नाही.

२८ फेब्रुवारी
खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. चालत. दोन जोड मागितले, एक लेकीसाठी, एक मोठ्या बाईसाठी. दुकानदाराने विचारलं, बाई कुठे खेळतात. मी म्हटलं, डाव्या बाजूला. मग हलकी घ्या म्हणाला, पळायला बरी. मी म्हटलं पळत नाही ती, हीच तर अडचण आहे, जाडातली जाड द्या.

पैसे देताना हात उडाला आणि नाणी काउंटरखाली गेली. त्याने ती वेचली आणि न विचारता स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो. बायकोला फोन केला आणि शाळा सुटल्यावर ती न्यायला येईपर्यंत तिथेच बसून होतो. थकलो होतो.