मान फिरवलेलं पिल्लू

२५ फेब्रु. १९८६, मंगळ.
काल दुपारी गारा. शाळेची कौलं फुटली, पोरींना बाकाखाली बसवलं. आज कळलं की शेजारच्या लूथरन चर्चची एक रंगीत खिडकीही गेली. पास्टरसाहेब मला बोलवायला आले, चित्रकलेच्या बाई म्हणून. इतकी वर्षं या आवारात शिकवते, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. आपण बौद्ध, आपलं तिथं काय काम, असंच वाटायचं.
पूर्वेच्या भिंतीत पाच खिडक्या. चार शाबूत. फरशीवर निळा उजेड असा पडला होता की त्यावर पाय ठेवावासा वाटेना. घरी येताना ऊर्जानगरच्या बसमध्ये तोच डोळ्यापुढे.

२७ फेब्रु.
पास्टरसाहेबांनी एकेक खिडकी समजावली. गुलाबाची सगळ्यांत आवडली. मधे काळा क्रूस, तो लाल काळजात. काळीज पांढऱ्या गुलाबात. भोवती निळं, बाहेर सोनेरी कडं. क्रूस म्हणजे मरण, म्हणून काळा. पण त्यानं काळीज काळं पडत नाही, लालच राहतं. पांढरं म्हणजे आनंद, निळं म्हणजे स्वर्ग, कडं म्हणजे ज्याला शेवट नाही ते. एवढं सगळं परातीएवढ्या गोलात! करणारा कोण, कुठला, कोणालाच ठाऊक नाही.
होडी म्हणजे ही मंडळी, इथं उपासनेला जमणारे लोक. गहू-द्राक्षं म्हणजे प्रभुभोजनातली भाकर अन् द्राक्षरस. निशाण घेतलेलं कोकरू म्हणजे येशू. मारलेलं, तरी उभं.
रंग वरून दिलेला नाही, काचेतच आहे. फक्त कोकराचे डोळे, लोकर काळ्या रेघांनी काढून भट्टीत भाजलेली. जवळून पाहिलं. रेघ कुठं थरथरलेली नाही.
फुटली ती पेलिकनची. जुनी समजूत अशी की हा पक्षी चोचीनं स्वतःची छाती फाडतो अन् रक्तानं पिलं जगवतो. तोही येशूच. ईस्टरच्या आत नवी करून द्याल का, म्हणाले. हो म्हणून बसले.

२ मार्च, रवि.
उपासनेनंतर लोकांना विचारलं, खिडकीत नेमकं काय होतं. कोणी हंस म्हणे, कोणी गरुड. फोटो कोणाकडेच नाही. पंख अन् छातीचे तुकडे मिळाले, पिलांचा पार चुरा. पास्टरसाहेबांच्या पुस्तकात अशाच खिडकीचं चित्र आहे. तीन पिलं, तिन्ही चोची वर.
मग मार्थाबाई बोलल्या. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करतात. एटापल्लीच्या पलीकडच्या गोंड घरातल्या. नवरा तापानं गेला तेव्हा लेकरू घेऊन इथं आल्या. तेव्हापासून त्याच खिडकीखाली बसतात. म्हणाल्या, "एक पिल्लू खात नव्हतं, बाई. मान फिरवून होतं."
पास्टरसाहेबांनी पुस्तक दाखवलं. त्यांनी नीट पाहिलं. म्हणाल्या, हे दुसरीकडचं असन.
त्यांचा मुलगा भिलाईला गेला तो गेलाच. मायचं नाव काढत नाही म्हणतात.
घरी नवऱ्याला, प्रकाशला, सांगितलं. म्हणाला, "मायले आपलंच लेकरू दिसलं असन तिथी." असेलही.

९ मार्च, रवि.
बाबा आले वरोऱ्याहून. टेबलावर कार्डबोर्डावरचं मोठं चित्र. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. छप्पनला दीक्षा घेऊन आले तेव्हा घरचे देव नदीत सोडले त्यांनी. आजीनं दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.
म्हणाले, "एवढ्या मुश्किलीनं देव सोडले आपण. अन् तू दुसऱ्याचा देव रंगवून राह्यली?"
मी म्हटलं, पक्षी आहे बाबा.
"पक्ष्याच्या मांगं कोण आहे ते मले समजते."
जेवले, पण चित्राकडे पाठ करून. संध्याकाळच्या गाडीनं गेले. रडू आलं. प्रकाश म्हणतो, सोडून दे काम. पण ती गुलाबाची खिडकी... तिच्या शेजारी भोक ठेवून कसं सोडू.

१५ मार्च
रंगीत काच नागपुराहून आणली, गावातल्या फ्रेमवाल्यानं कापून दिली. पेलिकन, पिलं रंगवून भद्रावतीला नेली, मडकी भाजतात त्या भट्टीत. सगळी वाकली! पापडासारखी. भट्टीवाले भाऊ म्हणाले, काच नरम असते, आच कमी पाहिजे. पुन्हा पहिल्यापासून.

२१ मार्च
जमलं. काच सरळ, रेघा पक्क्या. बोटानं घासून पाहिल्या, नखानंही. भट्टीवाल्या भाऊंनी उन्हात धरून पाहिलं, मग त्यांच्या बायकोला बोलावलं.
तिसऱ्या पिलाची डोकी दोन केलीत, वेगवेगळ्या काचांवर; बसणार एकच. एक वर पाहणारं, एक मान फिरवलेलं. का केली? ठरवता येईना म्हणून.

२५ मार्च
प्रकाशनं रजा टाकली. प्लांटमध्ये वेल्डिंग करतो, पण हे काम नाजूक. शिशाच्या जुन्या पट्ट्या सरळ करून काचा बसवतो, सांधे डागतो. दुपारी खिडकी तिच्या जागी भिंतीत उभी केली. छातीतलं जुनं लाल, भोवती माझं नवं. नवं जरा भडक आहे. तरी दोघंही बघत राहिलो. प्रकाश हळूच म्हणाला, "चांगलं झालं व."
एका डोक्याची जागा रिकामी.

२७ मार्च, गुरु.
बाबा न सांगता आले. म्हणाले, चाल, कुठी आहे ते. नेलं. पण आत आले नाहीत, पायरीवर बसले. मार्थाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. मी कार्डबोर्डाचं चित्र बाहेर आणून दाखवलं, त्यावर तिसऱ्या पिलाच्या दोन्ही माना काढलेल्या. मार्थाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, पक्ष्याचं, पोराचंही. देवाचं नाव दोघांनीही काढलं नाही.
बाबांनी फिरवलेल्या मानेवर बोट ठेवलं. "हे वळीन का परत?"
"माईत नाई भाऊ. पण पक्षी तं उठून गेला नाई."
बाबा पुढे सरकले. मार्थाबाईंच्या सुपातले खडे वेचू लागले.

२९ मार्च, शनि.
उद्या ईस्टर. मंडळीतले वडीलधारे म्हणतात पुस्तकातल्यासारखंच करा, शिकवण चुकायला नको. पास्टरसाहेब दोन्ही डोकी उजेडात धरून उभे होते. शेवटी म्हणाले, "मान फिरवलेल्या पिलासाठीही तो छाती फाडतोच. तुम्हीच ठरवा, बाई." एवढं मोठं काम एका बौद्ध बाईवर सोडलं त्यांनी.
मार्थाबाईंनी काही मागितलं नाही. रोजच्या जागी जाऊन बसल्या.
प्रकाश पहाटे डागायचं सामान घेऊन निघणार. विचारतो, कोणतं? अजून सांगितलं नाही.
बाबा मुक्कामाला थांबलेत. म्हणाले, उद्या मीही येतो, पायरीवर बसीन. बाहेरून ती खिडकी नुसती काळी दिसते, हे त्यांना सांगायचं राहिलंय.