मामाच्या पामवरची लाली

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या महिन्यात तू गॅलरीतल्या पामचे तीन फोटो पाठवलेस आणि झाड कोणतं ते विचारलंस.
२. फोटोत दांडे लालभडक होते. त्यांवर एकही ठिपका नव्हता. म्हणून मी ‘लिपस्टिक पाम’ असं लिहून खाली सही केली.
३. तू ते झाड बागप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनासाठी नोंदवलंस. पाटीवर ओळख पटवणारी म्हणून माझं नाव, हुद्दा आणि आमच्या वनस्पती संग्रहालयाचं नाव घातलंस. मला न विचारता.
४. काल मामीचं पार्सल आलं. आत त्याच झाडाची झावळी. मामी विचारते, हे काळे ठिपके फोटोत नव्हते, झाडाला रोग तर नाही?
५. रोग नाही, ठिपके जन्मजात आहेत. दांडा पिवळा आहे. हा अरेका पाम आहे, दवाखान्यांच्या आणि बँकांच्या दारात असतो तो.

प्रदर्शनाच्या परीक्षक आमच्या विभागप्रमुख बाई आहेत. माझी नोकरी कायम करायची की नाही, हे पुढच्या महिन्यात त्याच ठरवणार. त्याआधी, या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्या अरेकासमोर उभ्या राहून माझं नाव वाचतील.

उजेडाने एवढा फरक पडत नाही. फोटोला काय केलंस ते लिही.

तुझ्यावर माया आहेच, सध्या फक्त तिचा आवाज चढलेला आहे.

तुझी,
भाची


८ फेब्रुवारी

चि. शास्त्रज्ञबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामी म्हणाली, पोरीने पत्र लिहिलंय की पंचनामा? आरोपी अर्थात मीच.

अगं, मी वेगळं काही केलंच नाही. सगळ्यांना करतो तेच केलं. माझ्या स्टुडिओतून आजवर एक चेहरा मुरुमासकट बाहेर गेलेला नाही. ठिपके दिसले आणि हात आपोआप चालला. ठिपके गेल्यावर दांडे कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले, म्हणून जरा लाली चढवली. तुझ्या बाबांना लग्नाच्या अल्बममध्ये मी केस दिलेत, त्यांनी कधी चौकशी लावली नाही!

बी विकणाऱ्याने लिपस्टिक पाम म्हणूनच दिलं होतं. सहा वर्षं मी त्याचे तसेच लाड केले. खाली पाण्याचं ताट, रोज पानं पुसणं. लाली मोठेपणी येते, असं सगळ्यांना सांगत आलो. फक्त शेजारचे दातांचे डॉक्टर पहिल्यापासून म्हणतायत, अहो, हा माझ्या वेटिंग रूममधलाच पाम आहे. तुझा कागद मी त्यांच्या नाकासमोर नाचवून आलोय. आता कोणत्या तोंडाने सांगू? त्यात माझी दाढ दुखतेय.

एक उपाय आहे. आदल्या संध्याकाळी दांड्यांना पातळ लाल रंगाचा एक हात मारतो. तुझ्या बाईंना चष्मा लावूनही कळायचं नाही. मामीने ब्रश लपवलेत, पण कुठे ते मला ठाऊक आहे.

रागाव हवं तेवढं, पण मामाला परका करू नकोस.

तुझा,
मामा


१३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

ब्रश आहेत तिथेच राहू देत. बाई प्रत्येक दांड्याला नख लावून बघतात.

आज मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, पान हातात घेतल्याशिवाय सही का केलीस? बाकी लोकांचे फोटो आले की मी नमुना मागवते. हा फोटो तुझा होता, म्हणून मागवला नाही. तसंच त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. नोकरीचं रविवारनंतर बघू म्हणाल्या. आणि रविवारी मी स्वतः त्या झाडाजवळ उभं राहायचं, चूक कशी झाली ते येणाऱ्याजाणाऱ्याला समजावायचं.

आता झाडाबद्दल. ताटातलं पाणी आजच काढून टाक. लिपस्टिक पामला मुळाशी सतत पाणी लागतं, अरेकाची मुळं त्याने कुजतात. तुझ्या झाडाची का कुजली नाहीत, हे मला सांगता येत नाही. घरात, बियांपासून, एवढा उंच आणि एकही पान न करपलेला अरेका मी पाहिलेला नाही. मी हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. झावळी मोजून लिहिते आहे.

मी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी येते. नवी पाटी आणते, तिच्यावर ‘अरेका पाम’ असेल. तू झाड आणलंस, तर डॉक्टर येतील, मान डोलावतील, बहुतेक दोनदा येतील, आणि ते सोसायला तू माझ्या शेजारी असशील. तू नाव मागे घेतलंस, तर मी रिकाम्या जागेशेजारी उभी राहीन. तेही जमेल मला. पण झाड तुझं आहे, त्यामुळे मी ठरवणार नाही.

मामीला नमस्कार. दाढ दाखवून घे, त्याच डॉक्टरांना.

झाड आणणार की नाही, एवढं एका ओळीत गुरुवार, २१ तारखेपर्यंत कळव.

तुझी,
भाची