उजव्या बाजूची सूज

जठारपेठ, अकोला
३ ऑगस्ट १९६४

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तू अमरावतीच्या दवाखान्यात नर्स, म्हणून तुझ्या वहिनीने, केशरने, हे लिहायला लावलं. काळजीचं नाही. शुक्रवार ता. २४ ला लघवी पळसफुलांच्या पाण्यासारखी लाल झाली. दुखणं नाही, उजव्या कुशीत जडपणा. सोमवारी दुपारी रंग गेला. बुधवारी सकाळी सातला गोखरूचा काढा सुरू केला. आजवर पाणी स्वच्छ! निदान: उजव्या मूत्रपिंडाला सूज. वैद्यकाची तीन पुस्तकं मी दोनदा वाचली आहेत. डॉक्टरांनी एकदा वाचली असतील. केशर विचारते, दवाखान्यात जाले पाय दुखतात का तुमचे.

लोभ आहेच, तो जपावा.
तुझा दादा, सूर्यभान

अमरावती
६ ऑगस्ट १९६४

ति. दादांस,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. इतकं नेटकं टिपण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं म्हणे. मग एवढंच विचारलं, की सोमवारी थांबलेलं रक्त बुधवारच्या काढ्याने थांबवलं कसं. उत्तर पुस्तकात सापडलं तर कळवा.

दादा, न दुखता येणारं आणि आपोआप जाणारं रक्त, तेही पन्नाशीत, म्हणजे आत गाठ असू शकते. ती वाढायच्या आत एक्स-रेचा फोटो काढायला हवा. रविवारी पहिल्या मोटारीने या. नाही तर मीच येते आणि जठारपेठभर सांगते, की आमचे दादा सुईले भेतात.

रागवा, पण माया आटू देऊ नका.
तुमची ललिता

अकोला
१२ ऑक्टोबर १९६४

चि. ललितास,
अनेक आशीर्वाद.

टाके सुकले. काढलेल्या मूत्रपिंडाचा अहवाल नागपूरहून आला. गाठ होती, हे मान्य. पण गाठीभोवती सूज असल्याचंही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे माझं निदान चूक नव्हतं, अपुरं होतं. सर्जनला तसं पत्राने कळवलं आहे. गाठ लिंबाएवढी, असं ते म्हणाले होते. अहवालात अडीच इंच आहे. इतकं मोठं लिंबू मी पाहिलेलं नाही.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी. पहिली सोमवार, ४ जानेवारीला. गाठ पुन्हा आली असेल तर तेव्हा कळेल. केशरला मी सांगितलं, की ही नुसती रीत असते. तिने मान हलवली, पण त्या दिवसापासून मला काही टोचून बोलत नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

तू रजा काढ. अहवाल मला वाचता येतो, पण त्या दिवशी आधी तू वाच. मी बाहेर बाकावर बसेन.

दादा