बंपरचा अर्धा इंच न कापण्याबाबत

बिस्मिल्लाह. मी, अलाउद्दीन बाबालाल मुलाणी, वय एकाहत्तर, धंदा लोखंडी काम, राहणार मौजे भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, निळ्या शाईत लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. हेमलता केदारी यांनी दिला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी थेट दोनपर्यंत उतरलो, तेव्हा त्याच म्हणाल्या, पुरे आता.

१. राहते घर, वर्कशॉपची जागा आणि पोस्टातली ठेव यांचे हिस्से आमच्या शरियतीत ठरलेले आहेत. बायको गुलशन आणि एकुलता मुलगा अनिस यांना ते तसेच मिळावेत. त्यात मी जादा शहाणपणा करत नाही. एवढीच विनंती की गुलशनला कोणी "चार दिवस सूसला चला" म्हणून अनिसच्या फ्लॅटवर नेऊन ठेवू नये. तिला जायचे असेल तेव्हा ती स्वतः पिशवी भरते. तिचे शिलाई मशीन खिडकीपाशी आहे ते तिथेच राहील.

२. वारस नसलेल्यांना देण्यासाठी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत मला मुभा आहे. त्यातून वर्कशॉपमधली सगळी हत्यारे मी किशोरला देतो. वेल्डिंग मशीन, गॅसकटर, दोन्ही ग्राइंडर, ड्रिल, पान्ह्यांची पेटी, गुण्या. किशोर बावीस वर्षे माझ्याकडे कामाला आहे. त्याचा वेल्ड माझ्यापेक्षा सरळ येतो. हे मी त्याला कधी सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तो पिरंगुटच्या कंपनीत गेला असता. गुण्या मात्र आपटू नये. तो माझ्या वडिलांचा आहे.

३. हैबतराव गेणबा पडळघरे यांना मी काही देत नाही. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले आहे, म्हणजे हे कलम त्यांना वाचावेच लागेल. जीपला मी घरी बनवलेला बंपर बसवला, त्या दिवशी हे रस्त्यात थांबून म्हणाले होते, "मिस्त्री, जीपला मागनं पाट लावलाय व्हय? पाव्हणं बसवाय?" चार माणसे हसली. पुढे जमीन विकून त्यांनी मोठी गाडी घेतली आणि ती मुठा गावच्या एका भातखाचरात दारापर्यंत रुतवली. मग फोन आला, "मिस्त्री, तेवढा तुमचा पाट घिऊन या." मी गेलो, गाडी काढून दिली. पाट म्हटल्याबद्दल त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही. मी वाट पाहतो आहे.

४. आता मुख्य गोष्ट. माझी १९९६ ची डिझेल जीप आणि तिचा मागचा बंपर. हे सगळे लिहायला बसलो ते त्या बंपरपायी.

बंपर बनवला २०११ च्या उन्हाळ्यात. त्याआधी बाजारातले तीन पाहिले. तिन्ही बोटाने वाजवले, तिन्ही तेलाच्या डब्यासारखे वाजले. मग चार इंची चॅनल आणला, टोकांना पाच एमएमच्या पट्ट्या जोडल्या, मधोमध गाडी ओढायचा हूक लावला आणि त्याला वेल्डिंगचे तीन थर दिले. चासीच्या दोन्ही टोकांना चार-चार बोल्ट. किशोरने बंपर जॅकवर तोलून धरला, मी खाली पाठीवर झोपून बोल्ट आवळले. त्या बंपरने आजवर अकरा गाड्या चिखलातून ओढल्या आहेत, त्यात एक भरलेला दुधाचा टेम्पो. हूक केसभर हललेला नाही. चाळीस वर्षांत मी गेट, जिने, ग्रिल, शेड किती केले त्याची मोजदाद नाही, पण माझ्या हातचे सगळ्यात चांगले काम कोणते म्हणाल तर हेच. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी मरताना टाकून जाणार नाही.

५. आता त्या बंपरबद्दल मी जे खोटे बोलत आलो ते.

बंपर जीपच्या अंगापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच बाहेर आहे. तो मी डोके लढवून बाहेर काढला, असे मी गावभर सांगितले. खरी हकीकत अशी. चॅनल कापायच्या आदल्या दिवशी मी चष्मा न लावता वेल्डिंग केले आणि चमक डोळ्यांत गेली. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून मी खाटेवर पडून होतो. गुलशनला म्हणालो, जीपची रुंदी साठ इंच आहे, चॅनलवर खुणा करून ठेव. तिने तिच्या कापडावरच्या खडूने दोन्हीकडे खुणा केल्या. संध्याकाळी मी मिचमिच्या डोळ्यांनी त्या रेषांवरून गॅसकटर फिरवला. टेप लावला नाही. माझ्यासारख्या मिस्त्रीने टेप लावला नाही.

बसवल्यावर बंपर एक इंच जास्त निघाला. मी विचारले, हे काय केलंस? ती म्हणाली, "माया सोडलीया." शिवणीच्या आत जादा कापड राखतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. मी किशोरसमोर तिच्यावर ओरडलो. "ब्लाउज हाय का ह्यो? लोखंडात माया नसती." ती म्हणाली, "कमी पडलं असतं तर कुटनं जोडलं असतं?" आणि आत निघून गेली. टोकांच्या पट्ट्या जोडून झाल्या होत्या, म्हणून मी कापायचा कंटाळा केला.

पुढच्या वर्षी ऑगस्टात आम्ही मुठ्याला एका लग्नाचे कपडे द्यायला निघालो होतो. चढावर जीप चिखलात मागे घसरली आणि तिची डावी बाजू दगडी भिंतीला लागली. गुलशन मागे बसली होती. घाबरून तिने मागच्या कोपऱ्याचा पत्रा बाहेरून घट्ट धरला होता, उजव्या हाताने. जीप थांबली तेव्हा बंपरचे टोक दगडाला टेकलेले होते, आणि पत्रा व भिंत यांच्या मधे बोटभर फट उरली होती. त्या फटीत तिची चार बोटे होती. कातडे सोलवटले, नखे काळी पडली, पण बोटे राहिली. पंधरा दिवसांनी ती मशीनवर बसली.

त्या संध्याकाळी घरी माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, बंपरने वाचवलं. मी म्हणालो, "म्हणून तर बाहेर काढला होता." गुलशन हाताला फडके बांधून शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे फक्त पाहिले. मग तेरा वर्षे मी तीच फुशारकी मारत राहिलो, आणि ती तेरा वर्षे गप्प राहिली. मला त्याची शरम वाटते. म्हणून सर्वांस कळावे की तो अर्धा इंच माझा नाही. तो गुलशनने चुकून ठेवला, आणि त्या अर्ध्या इंचानेच तिची बोटे राखली. हूक माझा, वेल्ड माझा, बोल्ट माझे, माया तिची.

६. अनिसने गेल्या वर्षी सूसच्या सोसायटीत जीप रिव्हर्स घेताना शेजाऱ्याच्या नव्या गाडीला बंपरचे टोक घासले. दोष बंपरला दिला. ईदच्या दिवशी, शीरखुर्म्याची वाटी हातात धरून मला म्हणाला, "अब्बा, दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच उडवून टाकू ना, फिनिशिंगपण येईल." मी वाटी खाली ठेवून उठून गेलो. त्याला वाटले म्हातारा रुसला. पोरा, तुला कोणी सांगितलेलेच नव्हते, म्हणून तुझ्यावर राग नाही. पण जीप तुझ्या ताब्यात दिली तर पहिल्या रविवारी तू ग्राइंडर आणशील.

७. सबब जीप, बंपरसह, माझी नात, अनिसची मुलगी जन्नत हिला देतो. ती माझी वारस नाही, त्यामुळे वरच्या तिसऱ्या हिश्श्यात हे बसते. जन्नत याच जीपवर गाडी शिकली. रिव्हर्स घेताना आरशात बघून ती स्वतःशी म्हणते, "आणि वर अर्धा इंच." तिने आजवर कुठे घासलेले नाही. बंपर रंगवावा, गंज काढावा, बोल्ट बदलावे, कोणत्याही कारणाने टोके कापू नयेत. जीप भंगारात निघाली तर बंपर आधी सोडवून भऱ्याला आणावा आणि गुलशन सांगेल तिथे ठेवावा. हे झाले की नाही ते किशोरने पाहावे.

८. दुरुस्ती. वरील सर्व मजकूर आज दोन्ही साक्षीदारांसमोर गुलशनला वाचून दाखवला. तिने मशीन थांबवून ऐकला. कलम पाच संपल्यावर म्हणाली, "अर्धा न्हाई, पाऊण इंच सोडली होती मी. दोन्हीकडं."

मी म्हणालो, पाऊण कशी? मोजला तेव्हा अर्धाच होता.

"आवो, रेषेवरनं कापताना तुमचा हात नेमी आत जातो. गेटाला जातो, जिन्याला जातो. किशोर मागनं भरून घेतो, तुमाला सांगत न्हाई. त्या दिशी तर डोळं बी सुजलं होतं. पाव इंच तुमी खाणार हे मला ठाव होतं, म्हनून पाऊण सोडली."

हैबतराव खाली बघून म्हणाले, "मिस्त्री, पाट म्हनलो ते चुकलंच माझं." मला त्या वेळी त्याचे काही वाटले नाही. मी पेन मागून घेतले.

कलम पाचमधील "चुकून" हा शब्द खोडला आहे. त्या जागी "जाणून" असे वाचावे. खाडाखोड माझ्या हातची असून मला मान्य आहे.

सही: अलाउद्दीन बाबालाल मुलाणी

साक्षीदार:
१. हैबतराव गेणबा पडळघरे, राहणार भरे (कलम ३ वाचले)
२. डॉ. हेमलता केदारी, पिरंगुट

ठिकाण: भरे, तालुका मुळशी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५