दुसऱ्या चौकोनातली खूण

ता. १६ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. रागावली असशील, तो तुझा हक्कच आहे. पण माझ्या आवाजावरून तू लगेच ओळखतेस, म्हणून लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. लेकीची बदली टळली, ती खुशीत होती. गुडघ्याला तू सांगितलेला पट्टा बांधते, उतार आहे. भावोजींचा खोकला कसा आहे?

यांची निवृत्ती तीस तारखेला. चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस, सगळं सुतात मोजणारा. गेले सहा महिने रोज संध्याकाळी वही घेऊन बसतात. फंडाचे पैसे आले की किती मुदत ठेवीत, किती म्युच्युअल फंडात, छपराच्या दुरुस्तीला किती. पट्टीने रेघा मारलेल्या. त्यांच्या वयाचा रकाना पंच्याऐंशीला थांबतो, माझा नव्वदपर्यंत जातो. मी विचारलं, "मला एवढी वर्षं कशाला?" तर म्हणाले, "तुमच्याकडच्या बायका चिवट. ताईंकडे बघ!" एरवी मी हसले असते. त्या दिवशी उठून भांडी घासायला गेले.

भांडणाचं मूळ म्हणजे पेन्शनचा फॉर्म. पंधरा तारखेच्या आत द्यायचा आणि एकदा दिला की बदलता येत नाही. पहिला पर्याय, महिना एकतीस हजार, पण ते असेपर्यंतच. दुसरा, चोवीस हजार, आणि त्यांच्यामागे तेवढेच मला, मी असेपर्यंत. यांनी दुसरा धरलेला. मी म्हटलं, पहिला घ्या.

"आणि मी गेल्यावर तू काय करशील?"

"लेक आहे की."

"लेकीच्या तोंडाकडे बघत बसणार? तू?"

आठवडाभर घरात शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी ते म्हणाले, "तुला पैशाची हाव कधीपासून सुटली?" इतक्या वर्षांत असं बोलले नव्हते.

शुक्रवारी दोघं पेन्शनच्या कचेरीत गेलो. यांनी तोंड उघडायच्या आत मी टेबलावरच्या बाईंना सांगून टाकलं, पहिला पर्याय. त्यांनी वेगळा कागद काढला. पहिल्याला बायकोची संमती लागते. नियमाप्रमाणे त्यांनी तो वाचून दाखवला, "पतीच्या पश्चात मला काहीही मिळणार नाही, हे मी समजून-उमजून मान्य करते." मी पेन उचललं. यांनी माझं मनगट धरलं, एवढ्या लोकांत.

"आधी कारण सांग. नाहीतर सही होणार नाही."

मी पर्स उघडली आणि तपासणीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

ताई, आता तुलाही सांगते. डाव्या स्तनात गाठ आहे. चांगली नाही. कळून पाच आठवडे झाले. गुडघा दाखवायला जाते असं सांगून एकटीच जात होते. लेकीला कालच सांगितलं. डॉक्टर म्हणतात उपचार आहेत, पण किती पसरलंय ते ऑपरेशन झाल्यावरच कळेल. पंचवीस तारखेला, मंगळवारी आहे. मला वाटलं, जी मागे राहायचीच नाही तिच्यापायी या माणसाने जन्मभर महिन्याला सात हजार का सोडावेत?

यांनी कागद दोनदा वाचला. बाई पाणी आणायला म्हणून उठून गेल्या. मला वाटलं, आता ओरडतील. "पाच आठवडे?" एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसला, फॉर्म ओढून घेतला आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली.

मी चिडले. "अहो, वेड लागलंय का? उद्या एकटे पडलात तर त्या पैशांत हाताखाली माणूस ठेवता येईल. हे पुन्हा बदलता येणार नाही!"

"नाहीच बदलायचं," ते म्हणाले. "तू जायची आवराआवर करून बसली आहेस. मी तिला हातभार लावणार नाही."

बाई परत आल्या तेव्हा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवून म्हणाले, "शिक्का मारा."

बसमध्ये ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. लपवल्याचा राग आहे, तो मला सोसायलाच हवा. पण आज सकाळी दवाखान्याची फाइल काढून बसले आणि विचारलं, "ऑपरेशननंतर पुढे काय काय आहे? भूल कोण देणार? विचारलंस का?"

मी काहीच विचारलं नव्हतं, ताई. फॉर्मची ओळ न् ओळ वाचली, पण डॉक्टरांना 'मी वाचेन का' एवढं विचारायला जीभ उचलली नाही. उद्या दोघं जाऊन विचारणार आहोत.

तू चोवीसला ये. यांच्यासमोर धीट राहावं लागतं, आता तेही जमेनासं झालंय. मला अजून जायचं नाही. काय रडायचं ते वाटेत रडून घे, इथे नको.

तुझी, खूप घाबरलेली,
धाकटी