एकाच स्विचमधल्या वायरी

भुईगाव,
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय संकेत,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. घरी सगळे बरे आहेत. मटिल्डा सासरी रमली, एवढी की भावाला फोन करायलाही तिला वेळ नाही. इथवर लिहीपर्यंत मी तीनदा उठून पाणी प्यालो.

काल वसईच्या बाजारात वसुंधराकाकू दिसल्या. मी सटकणार होतो, पण तुझी आई ती, सोडते थोडीच! सुकेळ्यांचं पुडकं हातात कोंबलं नि म्हणाल्या, "संकेत कोनाशी बोलत नाय रे. तू त्याचा दोस्त ना, तू तरी ये." पुडकं तसंच पडलंय. उघडायची हिंमत होत नाही.

हॉस्पिटलात तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. डिसेंबरातला तो दिवस मात्र सगळे अजून उगाळतात: सर्व्हरच्या खोलीतला नेटवर्कचा स्विच जळाला, चार तास सगळे कॉम्प्युटर ठप्प, केसपेपर नाहीत, रक्ताचे रिपोर्ट नाहीत, ओपीडीत लोकांची शिवीगाळ. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "संकेतने न तपासता सही केली." ते ऐकलं की मी चहा अर्धा टाकून उठतो.

बरं, आता मुद्द्यावर येतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहून पान भरेन.

गेल्या मे महिन्यात आपण ते दोन नवे सर्व्हर बसवले. हॉस्पिटलचं सगळं काम त्या दोघांवर आणि सगळी माहिती एकाच सामायिक स्टोरेजमध्ये. म्हणून प्रत्येक सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत दोन रस्ते हवेत, दोन वेगळ्या स्विचमधून; एक स्विच गेला तरी दुसऱ्यावर गाडा चालू राहावा. हे मला शिकवलंस तूच. त्या संध्याकाळी मटिल्डाच्या लग्नाच्या विधीचं पाणी आणायचं होतं. बँडवाले दारात, कळशी सजवलेली, आणि घरून फोनवर फोन, भाऊ आल्याशिवाय विहिरीवर जायचं कसं? इकडे दुसऱ्या स्विचची सेटिंग काही केल्या जुळेना, तो रस्ता लालच दाखवत होता. मी दोन्ही सर्व्हरच्या दुसऱ्या वायरी काढल्या आणि पहिल्याच स्विचमध्ये खोचल्या. स्क्रीनवर सगळं हिरवंगार!

तू विचारलंस, "टेस्ट केलीस?" मी म्हणालो, "हो, एक वायर काढून पाहिली, चालतंय." चालतच होतं रे. स्विच बंद करून पाहिला नाही, आणि पाहिला तर सगळं झोपेल, हे मी गिळलं. तू म्हणालास, "पळ तू, पाणी आणायला उशीर होईल. कागद मी बघतो." आणि सही केलीस.

लग्नानंतर लावू, उद्या लावू म्हणता म्हणता सात महिने गेले.

इथवरचं तुला माहीत आहे, हेही मला माहीत आहे. स्विच जळाला तेव्हा रॅकच्या मागे पहिला तूच गेलास. सगळ्या वायरी एकाच जागी पाहिल्यास, मान वळवून माझ्याकडे पाहिलंस, आणि दुसऱ्या स्विचची सेटिंग करायला बसलास. चौकशीत विचारलं, "ही जोडणी कोणाची?" तू म्हणालास, "सही माझी आहे." मी शेजारच्याच खुर्चीत होतो. माझी पोर तेव्हा तीन आठवड्यांची होती, म्हणून तू गप्प राहिलास. मी गप्प राहिलो तो भेकड म्हणून. पोरीचं नाव उगाच मध्ये आणत नाही.

फादरांना सगळं सांगून झालं. त्यांनी एवढंच विचारलं, "संकेतला सांगितलंस?"

आज सकाळी हॉस्पिटलच्या संचालकांना मेल केला: वायरी मी लावल्या, संकेतला फसवलं मी. त्याची प्रत सोबत आहे. दुपारी त्यांचा फोन आला, उद्या अकराला बोलावलंय. बहुधा तुझ्यासारखी माझीही नोकरी जाईल. बायकोला सांगितलं, ती पोरीला घेऊन अंगणात जाऊन बसली आहे, अजून आत आलेली नाही.

हे पत्र तुमच्या फाटकातून सरकवून मी तसाच परत फिरेन. माफी मागणार होतो, दोनदा लिहून खोडली. आधी तुझं नाव साफ होऊ दे.

एकच मागणं आहे. उद्या तिथे येऊ नकोस. तुझा स्वभाव मला पाठ आहे, तू माझी बाजू घ्यायला धावत येशील. आणि तू समोर दिसलास, संकेत, तर मी पुन्हा तुझ्यामागे लपेन.

तुझा दोस्त म्हणवून घ्यायला लाजणारा,
मार्सेल